खोट गाडीत नव्हती

कुसुमताई गाडीत बसण्याआधी गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारायच्या. ड्यूटीवर आलेली नर्स वॉर्डातून फिरते तशी. चारही चाकांना चपलेच्या टोकानं टोचून बघायच्या, काचेवरचं एखादं पान उचलायच्या आणि शेवटी गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून गाडीखाली बघायच्या. आमची पहिली भेट अशीच झाली. लग्न होऊन मी तुमसरहून बालाघाटला आले, त्याच्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी फाटकाशी उभी होते. शेजारच्या अंगणातून आवाज आला, "ओ बाई, त्या बाजूनं जरा पाह्यता का? कुत्री पिल्लं घेऊन बसली असंन." मी वाकले. खरंच तीन पिल्लं होती. ती एकेक करून बाहेर काढेपर्यंत आमची चांगली ओळख झाली. "तुम्हाला उशीर झाला ना?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "घाई असंन त मानसानं पायी निघावं. गाडी घाईसाठी नसते."

कुसुम ठवकर हे त्यांचं पूर्ण नाव. पण बालाघाटात त्यांना सगळे 'सिस्टर' म्हणत. भाजीवाली म्हणे, पोस्टमन म्हणे, देवळातले पुजारीही म्हणत. त्यांनी आरोग्य खात्यात पस्तीस वर्षं काढली होती. सुरुवातीला लामत्याच्या बाजूच्या गावांतून लसीची पेटी सायकलला बांधून फिरल्या, मग मोपेडवर. नवरा लवकर गेला. एकुलता एक मुलगा, प्रशांत, शिकून इंदूरला नोकरीला लागला. तेव्हा एकावन्नाव्या वर्षी बाईंनी एक जुनी पांढरी छोटी गाडी विकत घेतली आणि खात्यातल्याच एका म्हाताऱ्या जीपचालकाकडून ती चालवायला शिकल्या. उंची बेताची, त्यामुळे सीटवर दोन उशा. गल्लीतले लोक सुरुवातीला दारात उभे राहून हसायचे. मग हळूहळू तेच लोक "सिस्टर, उद्या गोंदियाला जाणार का?" असं विचारायला येऊ लागले.

त्यांचं एक वाक्य आमच्या गल्लीत म्हणीसारखं झालं होतं: "आधी ताप मोजा, मंग बोला." कुणी सुनेची तक्रार घेऊन आलं, कुणाचं नालीवरून भांडण झालं, की त्या शांतपणे ऐकून घेत आणि विचारत, "ताप मोजला का?" म्हणजे स्वतः जाऊन पाहिलं का, समोरच्याला विचारलं का. बहुतेकांनी मोजलेला नसे.

त्या वाक्याची किंमत मला एका दुपारी कळली. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची. तापात तिला झटके आले. अविनाश, माझा नवरा, कामावर होता. मी तिला उचलून तशीच अनवाणी ताईंच्या दारात गेले. त्यांनी तिला मागच्या सीटवर कुशीवर झोपवायला लावलं आणि गाडी काढली. त्या दिवशीही गाडीखाली वाकून बघितलंच. मी ओरडले असेन बहुतेक. त्या पुढे बघूनच म्हणाल्या, "वर्षा, झटका किती मिनिटं राह्यला ते घड्याळात पाह्य. डॉक्टर तेच विचारते. रडाचं नंतर." दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला. मुलगी आता कॉलेजात जाते.

अशी ती गाडी. किती बाळंतिणी, किती म्हातारे, किती पाहुणे तिनं नेले-आणले याचा हिशेब कुणी ठेवला नाही. ताईंनी तर नाहीच.

चार वर्षांपूर्वी लामत्याहून परत येताना तिच्या बॉनेटमधून वाफ निघू लागली. ताईंनी गाडी झाडाखाली उभी केली, इंजिन बंद केलं आणि बॉनेटला हात न लावता तासभर बसून राहिल्या. नंतर मेकॅनिक रफीकभाई येऊन ती ओढून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासोबत गॅरेजवर गेले. रफीकभाई हात पुसत म्हणाले, "सिस्टर, गास्केट उड गया है. हेड उतारना पडेगा. और सच बोलूँ? इसमें पैसा मत डालो. इतने में तो दूसरी का जुगाड हो जाएगा."

"खोलके देखे क्या?" ताईंनी विचारलं.

"बिना खोले भी मालूम है."

"खोलो, फिर बोलो," ताई म्हणाल्या.

खोलल्यावर एकातून एक निघत गेलं. हेड झालं, मग रेडिएटर, मग क्लच. गाडी तीन आठवडे गॅरेजात पडून होती. प्रशांत रोज फोनवर चिडायचा, "आई, भंगारात दे ती गाडी. काहून पैसे पाण्यात घालून राह्यली?" गल्लीतही दोन पक्ष पडले. गंमत अशी, की जे आधी विका म्हणत होते तेच आता म्हणू लागले, "एवढा खर्च केला, आता ठेवाच. वसूल तर व्हायला पाहिजे." ताईंना हे पटत नसे. "गेलेला पैसा गेला. तेच्यासाठी गाडी ठेवाची नाई आन् तेच्यासाठी विकाची बी नाई. पुढं काय होते ते पाहाचं."

मग दुरुस्ती केलीच कशाला, असं मी एकदा विचारलं. तुरीच्या शेंगा सोलत आम्ही त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. त्यांनी हातातली शेंग सोलून दाणे ताटलीत टाकले. मग म्हणाल्या, "तुले सांगते, कोनाले सांगू नको. गाडी आहे तवरीक लोकायले माही गरज आहे. गाडी गेली, का मी बी ओट्यावरची बाई. कोन आलं, कोन गेलं, पाहात बसाचं." त्यांच्या तोंडून भीतीचा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

गाडी घरी आली ती नव्यासारखी. रफीकभाईंनी मन लावून काम केलं होतं. त्यांच्याच ओळखीचे कटंगीचे एक शिक्षक आठवड्याच्या आत गाडी बघायला आले. त्यांना घरच्यांसाठी साधी, दुरुस्त केलेली गाडीच हवी होती, आणि देत असलेली किंमतही बरी होती. ताई म्हणाल्या, "एक महिना रुको सर. ऑपरेशन हुआ है, अभी छुट्टी नहीं देते." शिक्षक हसले आणि गेले. पण ताईंचा निर्णय झालेला होता, हे मला दिसत होतं. गाडी ठेवायची.

महिना व्हायच्या आतच हट्टा गावातलं एक बारसं आलं. जिचं बाळ, तिचा जन्म ताईंच्याच हातून झाला होता, त्यामुळे आमंत्रण मोठ्या मानाचं होतं. मला सोबत घेतलं. जाताना गाडी इतकी छान चालली, की ताई मध्येच स्टिअरिंगवर थाप मारून म्हणाल्या, "पाह्य, कशी चालून राह्यली! प्रशांत भंगार म्हनत होता."

परतताना दुपारचं स्वच्छ ऊन होतं. धानाची कापणी संपली होती, रस्ता मोकळा. डावीकडच्या शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, एक म्हातारा सायकलवर पेंढ्यांचा भारा लादून रस्त्याकडे येत होता. मला तो केव्हाचा दिसत होता. ताईंनाही दिसत असेल असं धरून मी गप्प होते. गाडी हळू होईना. तो रस्त्यावर चढला तेव्हा मी किंचाळले, "ताई, सायकल!" त्यांनी ब्रेक दाबला. गाडीचा कोपरा भाऱ्याला लागला आणि म्हातारा सायकलीसकट कडेला पडला.

ताई मिनिटभरात त्याच्याजवळ होत्या. हात, पाय, डोकं, सगळं तपासलं. कोपर खरचटलं होतं, तेवढंच. पाणी पाजलं, जखम धुतली. तो बिचारा उलट आमचीच समजूत काढू लागला, "कुछ नहीं हुआ बाई, मैं ही अचानक आ गया." ताई म्हणाल्या, "नहीं बाबा. गलती मेरी है." आम्ही दोघींनी पेंढ्या गोळा करून त्याचा भारा पुन्हा बांधून दिला.

तो दिसेनासा झाला तरी त्या गाडीत बसल्या नाहीत.

"वर्षा, तुले तो दिसला होता?"

"हो."

"कवापासून?"

मी खोटं बोलणार होते. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून बोलता आलं नाही. "बऱ्याच आधीपासून, ताई."

"मले दिसलाच नाई," त्या म्हणाल्या. "तू ओरडली तरी नाई दिसला. धक्का लागला तवा दिसला."

"ऊन होतं डोळ्यांवर. असं कुणालाही होतं."

"ऊन पाठीमागं होतं." किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. मला गाडी येत नव्हती. मग फोन करून रफीकभाईंना बोलावलं. ते येईपर्यंत आम्ही धुऱ्यावर बसून राहिलो. ताई एक डोळा झाकून समोरच्या शेताकडे बघत होत्या, मग दुसरा झाकून. त्यांनी ताप मोजायला सुरुवात केली होती.

दोन दिवसांनी आम्ही बसनं गोंदियाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. काचबिंदू निघाला. समोरचं अक्षर ताईंना लख्ख दिसत होतं. पण दोन्ही बाजूंची नजर केव्हापासूनच विझत चालली होती. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही, असं डॉक्टर म्हणाले. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंबांनी सांभाळता येईल. ताईंनी एकच प्रश्न विचारला, "गाडी?" डॉक्टर तरुण होते, भिडस्त होते. "दिवसा, गावातल्या गावात, जपून..." असं काहीतरी ते म्हणू लागले. ताई म्हणाल्या, "साहेब, तुमची आई असती त?" डॉक्टरांनी मान हलवली. नाही.

बसमध्ये खिडकीशी बसून त्या बराच वेळ बाहेर बघत होत्या. वैनगंगेचा पूल आला तेव्हा म्हणाल्या, "पाह्य ना, गाडी दुरुस्त झाली." आणि त्या हसल्या. मला मात्र रडू आलं.

प्रशांतनं फोनवर सुचवलं, ड्रायव्हर ठेव. रफीकभाई म्हणाले, गाडी ठेवून द्या, मी अधूनमधून चालू करत जाईन. ताई म्हणाल्या, "मी न चालवता ती दारात उभी राह्यली, त एखाद्या दिवशी माहा हात किल्लीवर जाईन. मी मले ओयखते." त्यांनी कटंगीच्या शिक्षकांना निरोप पाठवला.

शिक्षक बायकोला घेऊन आले. रफीकभाईही होते. त्यांनी ताईंना आधीच बाजूला घेऊन समजावलं होतं, की विकण्याचं कारण विचारलं तर मुलगा नवी घेऊन देतोय असं सांगा, डोळ्यांचं कशाला काढता, गावभर होईल. ताईंनी शिक्षकांना गाडीची सगळी दुखणी सांगितली. थंडीत गिअर अडतो, पावसात डाव्या दारातून पाणी शिरतं, क्लच नवा आहे तर हलक्या पायानं दाबा. शिक्षक चकित होऊन ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलंच, "सिस्टर, इतना काम कराया, फिर बेच क्यों रही हैं?"

रफीकभाई खाली बघू लागले. फाटकाशी गल्लीतले चारपाच जण उभे होते. ताई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "खोट गाडी में नहीं है सर. मेरी आँख में है. काचबिंदू. बाजू का दिखता नहीं. एक आदमी को गिरा चुकी हूँ."

शिक्षकांच्या बायकोनं पुढे होऊन, वाकून ताईंच्या पायांना हात लावला.

गाडी गेली त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे डबा घेऊन गेले. मला वाटलं, अंधारात बसल्या असतील. त्या दिवा लावून एका जुन्या वहीत गल्लीतल्या घरांची यादी करत होत्या; चाळिशीच्या वरचं कोण कोण, एकेक नाव. "दुखत नाई म्हनून कोनी जात नाई," त्या म्हणाल्या. "लसीच्या वक्ती बी असंच होतं. घरोघरी जाऊन सांगा लागते." दुसऱ्या दिवसापासून त्या पायी निघाल्या. कडेनं, सावकाश, मान डावी-उजवीकडे वळवत. प्रत्येक दारात स्वतःचीच गोष्ट सांगत. सायकलवरच्या म्हाताऱ्याची, स्वतःच्या चुकीची, काहीही न लपवता. मग म्हणत, "मले बी वाटत होतं, मले चांगलं दिसते."

लोक टाळत. अविनाशनंही टाळलं. "मला काय धाड भरलीय?" ताई तीन वेळा आल्या. चौथ्यांदा त्या काही बोलल्याच नाहीत. ओट्यावर बसून राहिल्या. शेवटी कंटाळून अविनाश त्यांच्यासोबत बसनं गोंदियाला गेला. त्याच्या डोळ्यांतला दाब वाढलेला निघाला. अगदी सुरुवात होती. नजर अजून कुठेच गेली नव्हती. त्या यादीतल्या आणखी दोघांचंही असंच वेळेवर सापडलं.

ओट्यावरची बाई होण्याची वेळ ताईंवर आली नाही. गेल्या हिवाळ्यात तीन दिवसांच्या आजारानं त्या गेल्या. प्रशांत आला होता. लोकांची ती रांग पाहून तो मला म्हणाला, "आई इथं एवढी काय करत होती?" मी अविनाशला पुढे केलं.

अविनाशची तपासणी मागच्याच महिन्यात झाली. डॉक्टर यंत्रातून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, नजर पहिल्या दिवशी होती तेवढीच आहे, इंचभरही कमी झालेली नाही. परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मी त्याला दिली. तो पूर्ण रस्ताभर दोन्ही बाजूंना बघत होता.