घड्याळ मिळवायचे राहिले

श्री. गुणवंतराव ताथोड यांची माझी पहिली ओळख झाली ती फोनवर. आमच्या शिक्षण संस्थेच्या अकोल्याच्या मुख्य कार्यालयात संगणक विभागाची एक जागा निघाली होती. अर्ज टाकून पंधरा दिवस झाले तरी उत्तर नाही, म्हणून मी अमरावतीहून फोन लावला. दुसरी घंटी पुरी व्हायच्या आत पलीकडून आवाज आला. माझं नाव ऐकून त्यांनी मला थांबायला सांगितलं. आता हे आपल्याला विसरणार असं वाटत असतानाच ते परत आले आणि म्हणाले, "तुह्या अर्जावर सईच नाही बाबू. उद्या दुपारपर्यंत ये. तोवर मी अर्ज पुढं जाऊ देत नाही."

दुसऱ्या दिवशी गेलो, सही केली, पुढे नोकरीही लागली. टेलिफोन ऑपरेटरला अर्जांच्या गठ्ठ्यात हात घालायचं काही कारण नव्हतं. पण पलीकडच्या माणसाचं काम झाल्याशिवाय फोन ठेवायचा नाही, हा ताथोडसाहेबांचा धर्म होता.

साहेबांच्या षष्ट्यब्दीपूर्तीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांच्याविषयी चांगलं लिहिणारे पुष्कळ असतील. मलाही चांगलंच लिहायचं आहे. पण मला जे लिहायचं आहे त्यात माझी स्वतःची एक चूक आहे, आणि ती सांगितल्याशिवाय साहेबांचा मोठेपणा कळणार नाही. संपादकांना लेख छापण्याजोगा वाटला नाही तर त्यांनी खुशाल बाजूला ठेवावा.

संस्थेचा दूरध्वनी विभाग म्हणजे एक टेबल, एक खुर्ची आणि साहेब. तेल्हाऱ्याच्या भाजी पिकवणाऱ्या घरातले, शिक्षण वायरमनचं. शाळा, कॉलेज, वसतिगृह आणि अमरावतीची शाखा मिळून सगळे अंतर्गत क्रमांक त्यांना तोंडपाठ. नियम दोनच होते. ड्यूटीवर स्वतःचा मोबाईल बंद करून खणात ठेवायचा, आणि टेबलावरच्या फोनची तिसरी घंटी वाजू द्यायची नाही. मला त्या टेबलाशी पहिल्यांदा बसवलं तेव्हा ते म्हणाले होते, "घंटी वाजत राह्यली का पलीकडचा माणूस घाबरते. त्याले वाटते आपलं कोणीच नाही."

काही वर्षांनी एका पावसाळ्यात वीज पडून जुनं एक्स्चेंज जळालं. त्याचे सुटे भाग बाजारात मिळेनात. तेव्हा मी सुचवलं की संगणक विभागातल्या सर्व्हरवर एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक, तयार करू आणि फोनची सगळी व्यवस्था त्यावर चालवू. कार्यकारिणीत कोणाला काही कळेना. मी अर्धा तास घसा कोरडा केला तरी अध्यक्षांचा चेहरा कोराच. शेवटी साहेब उठले.

"अध्यक्षसाहेब, वावर एकच असते. त्यात पऱ्हाटीचं तास वेगळं, तुरीचं तास वेगळं. जमीन एकच, पाणी एकच, पण पीक ज्याचं त्याचं. तसंच हे. निकालाचं काम एका तासात, फोनचं दुसऱ्या तासात."

आमच्याकडे तास म्हणजे पिकाची ओळ आणि पऱ्हाटी म्हणजे कपाशी, हे अध्यक्षांना सांगावं लागलं नाही. ठराव मंजूर झाला. माझी इतक्या वर्षांची पदवी त्या एका वावरापुढे फिकी पडली, आणि साहेबांनी ते मला पुढे बरेच दिवस ऐकवलं. मात्र पन्नाशी उलटलेल्या त्या माणसानं माझ्याशेजारी बसून ते यंत्र अक्षरशः पहिलीच्या मुलासारखं शिकून घेतलं. वहीत लिहून घ्यायचे, रोज नवा प्रश्न आणायचे. मी खोलीवर एकटा राहतो हे कळल्यापासून काकू, म्हणजे साहेबांच्या पत्नी, त्यांच्या डब्यात माझ्याही दोन भाकरी देऊ लागल्या. त्यांच्या ठेच्यानं डोळ्यांत पाणी येई, आणि साहेब म्हणत, "रड, रड. नोकरी लागल्यावर रडाचंच असते."

अशाच एका प्रश्नापाशी मी आता येतो. वीज गेली आणि बॅटरी संपत आली की आमचं आभासी यंत्र आपोआप झोपी जाई आणि वीज आल्यावर जागं होई. साहेबांनी विचारलं, "झोपला तवाची वेळ अन् उठला तवाची वेळ, हा फरक त्याले कसा समजते?" प्रश्न अगदी बरोबर होता. आपण झोपलो होतो हे त्या यंत्राला कळत नाही. त्याचं घड्याळ बाहेरच्या घड्याळाशी मिळवत राहण्याची तजवीज वेगळी करावी लागते. ते काम माझं होतं. साहेबांनी दोनदा विचारलं, "घड्याळाचं झालं का?" निकालाचे दिवस होते, मी कंटाळलो होतो. दुसऱ्यांदा मी म्हणालो, "हो साहेब, झालं." झालं नव्हतं.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी एका संध्याकाळी सातला वीज गेली ती सकाळी आली. यंत्र जागं झालं ते कालच्या संध्याकाळीच. कार्यालयाची वेळ संपली अशी त्याची समजूत. त्यामुळे बाहेरून येणारा प्रत्येक फोन ते टेबलावर न देता ध्वनिमुद्रित निरोपाकडे वळवू लागलं: "कार्यालयाची वेळ संपली आहे, कृपया उद्या सकाळी फोन करावा." हा निरोप साहेबांच्याच आवाजात होता. आतून बाहेर जाणारे फोन लागत होते, म्हणून कोणाला काही कळलं नाही. साहेब वसतिगृहात वायर ओढायला गेले होते आणि टेबल माझ्या ताब्यात होतं. घंटी वाजत नव्हती. 'आज बरं शांत आहे' असं म्हणून मी चहा मागवला. ते वाक्य मी जन्मभर विसरणार नाही.

पावणेबाराच्या सुमारास साहेबांचे शेजारी स्कूटरवर आले. काकू स्वयंपाकघरात पडलेल्या सापडल्या होत्या. पडण्याआधी काकूंनी साहेबांच्या मोबाईलवर फोन केला होता, तो नियमाप्रमाणे खणात बंद होता. मग कार्यालयात केला होता. दवाखान्यात नेलं, पण दिवस मावळायच्या आत काकू गेल्या. लवकर नेलं असतं तर काय झालं असतं, हे डॉक्टरांना विचारायची माझी आजतागायत हिंमत झालेली नाही.

तेरवी झाल्यावर साहेब कामावर आले. पहिल्याच दिवशी त्यांनी यंत्रातली त्या सकाळची नोंद उघडली. मी मागे उभा होतो. घरचा क्रमांक चार वेळा होता. तीन वेळा काकूंनी निरोप अर्ध्यावर सोडून पुन्हा फोन लावला होता. चौथ्या वेळी शेवटपर्यंत ऐकला होता. साहेबांनी त्या चारही ओळींवरून बोट फिरवलं. मग त्यांनी विभागाची नोंदवही ओढली आणि लिहिलं, 'घड्याळ मिळवायचे राहिले. जबाबदारी माझी.' खाली सही केली.

संस्थेनं चौकशी केली तेव्हा त्यांनी ते पान पुढे केलं. स्वतःच्या बायकोच्या बाबतीत चूक झालेल्या माणसाला काय बोलणार? प्रकरण तिथेच मिटलं. त्याच महिन्यात मला नोकरीत कायम करायचं होतं. मी मूग गिळून बसलो आणि कायम झालो. साहेबांच्या वागण्यात मात्र तसूभर फरक पडला नाही. दोन वर्षांनी निवृत्त होईपर्यंत ते आपला डबा माझ्यापुढे सरकवत राहिले. तो आता ते स्वतः करून आणत, आणि भाकर कडेला करपलेली असे. ती मला गिळवत नसे.

या लेखाची विनंती आली तेव्हा मला राहवेना. गेल्या रविवारी बस धरून तेल्हाऱ्याला गेलो. निवृत्तीनंतर साहेब तिथे भावाच्या मळ्यात राहतात. वाफ्याच्या कडेला बसून मेथीच्या जुड्या बांधत होते. मी शेजारी बसलो. दोन जुड्या मीही बांधल्या, मग बोललो.

"साहेब, ते घड्याळाचं काम माह्याकडून राह्यलं होतं. झालं म्हून मी खोटं सांगतलं."

त्यांचे हात थांबले नाहीत. "मले मालूम हाये. मशीनमधी सगळं लिहून असते, कोणी कवा काय केलं ते. तूच तं शिकवलं होतं."

"मंग तुमी बोलले काऊन नाही?"

"बोलून काय झालं असतं? माह्या घरचं माणूस गेलंच होतं. तुही नोकरी गेली असती तं अजून एक घर बसलं असतं." त्यांनी बांधलेली जुडी बाजूला ठेवली. "मोबाईल बंद ठेवाचा नियम कोणाचा होता? माहाच. मी कोणाले काय बोलू?"

मी रडलो. लपवण्यासारखं त्यात काही नाही. साहेबांनी मला रडू दिलं. मग शांतपणे म्हणाले, "राग नव्हता तुह्यावर. पण तू येशीन अन् सांगशीन, असं वाटे. चार वर्सं वाट पाह्यली."

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

निघताना मी विचारलं, लेखाच्या शेवटी काय लिहू? ते म्हणाले, "लिही तुले वाटते ते. फक्त शंभर वर्सं जगा, असं लिहू नको. एकट्यानं चाळीस वर्सं लई होतात."

म्हणून आकडा लिहीत नाही. साहेबांना निरोगी आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे त्यांना साथ देवोत, मळ्याच्या विहिरीला उन्हाळाभर पाणी राहो. आणि जे दिवस पुढे आहेत, त्यांतला एकही दिवस त्यांना माझ्यासारख्या माणसाची वाट पाहण्यात घालवावा लागू नये, एवढंच मी मागतो.