दोन पाउंड जास्तीचे

कांतीभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी तळोद्याच्या बसस्टँडसमोर उसाचा रस पीत उभा होतो. त्यांच्या सुनेचा, पायलचा आवाज. "सर, पप्पाजी गेले. सकाळी पूजेला बसले आणि..." ग्लास तसाच ठेवून मी नंदुरबारची बस पकडली. आणि खरं सांगायचं तर खिडकीशी बसल्यावर रडू येण्याआधी मला सुटल्यासारखं वाटलं. आता ते मला विचारणार नाहीत, असं मनात आलं. पाच आठवडे झाले, त्याची लाज काही जात नाही. म्हणून हे लिहायला बसलो आहे. गेलेल्या माणसाविषयी चार शब्द चांगले लिहायचे असतात, ते मी लिहीनच. माझ्याविषयी मात्र चांगलं काही निघायचं नाही.

नंदुरबारात कांतीभाईंचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं. आजोबा राजस्थानातून आलेले, घरात मारवाडी, देरासर, म्हणजे जैन मंदिरातलं दर्शन, कधी न चुकवणारे. पण दुकानात बसले की अहिराणी अशी बोलायचे की खेड्यातला माणूसही चकित व्हावा. मी तळोद्याच्या शाळेत खेळाचा शिक्षक, त्यामुळे आमची गाठ पडायचीच. बॅटी, कॅरमबोर्ड काय, कोणीही विकतो. त्यांचा खरा जीव गटिंगमध्ये, म्हणजे रॅकेटची जाळी ओढून भरण्यात. कोपऱ्यात हाताने फिरवायचं एक यंत्र होतं, त्याला ते कोणाला हात लावू देत नसत. त्यांची एक सवय होती. गिऱ्हाईक सांगेल त्यापेक्षा दोन पाउंड ताण जास्त द्यायचा, तोही न विचारता. मी एकदा टोकलं तर म्हणाले, "उन्हामा गट ढिली पडस, सर. चार दिनमा बराबर सांगेल आकडावर येस." आमच्याकडचं ऊन ज्यानं पाहिलंय तो यात चूक काढणार नाही. मीही काढली नाही.

बाहेरगावी महिलांच्या एका आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धेला मी लाइन अंपायर म्हणून जायचो. स्पर्धा छोटीच, मोठ्या नावांच्या खेळाडू तिकडे कशाला फिरकतील? एका वर्षी गटिंगवाला ऐनवेळी आला नाही आणि मी तोंड वर करून सांगितलं, माझा माणूस आहे, आणतो. कांतीभाई यंत्र चादरीत गुंडाळून एसटीनं आले. तिथे चिझुको आली. जपानची, एकोणीस वर्षांची, चणीनं लहान, सोबत प्रशिक्षक नाही, आई-बाप नाहीत, पाठीवर तिच्याएवढीच बॅग. बोली कळण्याचा प्रश्नच नव्हता. तिनं चिठ्ठीवर ४८ लिहून दिलं आणि कमरेत वाकून नमस्कार केला. कांतीभाईंनी हात जोडले आणि पन्नास भरले. सवयच ती! दुसऱ्या दिवशी ती जिंकली, उरलेल्या रॅकेटी घेऊन आली आणि खुणेनं म्हणाली, अशाच करा. स्पर्धाही तिनंच जिंकली, आयुष्यातली पहिली. जाताना एका चिठ्ठीवर जपानमधल्या आपल्या क्लबचा पत्ता लिहून दिला. ती चिठ्ठी कांतीभाईंनी काउंटरच्या काचेखाली लावली, अगदी देवाच्या फोटोशेजारी.

तीन महिन्यांनी पायलनं मोबाइलवर वाचून दाखवलं, चिझुकोचं मनगट गेलं, वर्षभर खेळता येणार नाही. झालं! कांतीभाईंनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. "मीच करं ते, सर. तिले इचारं नही मी." दोन पाउंडांनी कोणाचं मनगट जात नाही, हे मी तेव्हाही सांगितलं, आजही सांगेन. पण त्यांना डॉक्टरी मत नकोच होतं. न विचारता केलं, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं होतं.

त्या मुलीची पुढची सगळी कारकीर्द आम्ही त्या काउंटरवर उभं राहून पाहिली. ती परत आली. बारीकसारीक देशांतल्या बारीकसारीक स्पर्धा खेळली, मोठ्या स्पर्धांच्या पात्रता फेरीत हरत राहिली. एकदा ऑस्ट्रेलियात मुख्य फेरीत पोचून पहिला सामना जिंकली, तेव्हा कांतीभाईंनी समोरच्या रसवाल्यापासून फौजदारापर्यंत सगळ्यांना पेढे वाटले. कोणाला कळेना हे कशाचे. मी चिडवायचो, "पोरगी जपानात आणि बाप नंदुरबारात!" ते हसायचे; पण फोटो आला की आधी स्कोअर बघायचे नाहीत, मनगट बघायचे. पट्टी दिसली की त्या दिवशी जेवण नाही.

जैनांत संवत्सरीला वर्षभरात दुखावलेल्या प्रत्येकाची माफी मागतात, 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणून. कांतीभाई दुसऱ्या दिवशी एसटीनं तळोद्याला यायचे, माझ्या ओट्यावर उभे राहून हात जोडायचे, पाणी प्यायचे आणि परत जायचे. चिझुकोचं मनगट गेलं त्याच वर्षी त्यांनी मला दुकानात बोलावून इंग्रजीत पत्र लिहायला लावलं. मी म्हटलं, मोबाइलवर पाठवू. तर म्हणाले, "चूक मन्ही शे, कागदवर मन्ही सही पाहिजे." मी लिहिलं, त्यांनी खाली मराठीत सही केली, पाकीट डिंकानं चिकटवलं आणि टपालात टाकायला माझ्याकडे दिलं.

मी ते टाकलं नाही.

का, ते सांगतो. कांतीभाईंना तिथे मी नेलं होतं. माझ्या माणसानं खेळाडूला न सांगता ताण बदलला, हे स्पर्धावाल्यांना कळलं असतं तर मला पुन्हा कोणी बोलावलं नसतं, आणि मला पंचांच्या वरच्या पॅनेलवर जायचं होतं. एवढं क्षुद्र कारण. पाकीट बॅगेत राहिलं, मग कुठे हरवलं तेही मी शोधलं नाही. बरंच झालं म्हटलं. पुढे वर्षानुवर्षं ते विचारत राहिले, "सर, जपानतून काही उनं का?" आणि मी म्हणत राहिलो, नाही हो, अजून काही आलं नाही.

गेल्या वर्षी चिझुकोनं खेळणं सोडलं. मनगट साथ देत नाही, असंच तिनं सांगितलं म्हणे. त्यानंतरच्या संवत्सरीला कांतीभाई आले ते थकलेले दिसत होते. हात जोडले, पाणी प्यायले, पण उठेनात. माझ्याकडे बघत बसले. मग तेच, "काही उनं का?" मी नाही म्हणालो. ते "बरं" म्हणाले आणि बसला गेले. आमची ती शेवटची भेट.

परवा दुकानात गेलो होतो. चादर टाकलेलं यंत्र तसंच आहे. पायलनं गटीच्या रिळांखालून एक पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं. न फोडलेलं, माझ्या अक्षरातला जपानचा पत्ता. मी एकदा टेनिसच्या नियमांचं पुस्तक कांतीभाईंना वाचायला दिलं होतं, त्यात ते त्यांना सापडलं होतं. किती वर्षांपूर्वी, ते तिला आठवतही नव्हतं.

"मग त्यांनी ते स्वतः का नाही टाकलं?" मी विचारलं.

"मी म्हटलं होतं, मी टाकते. तर पप्पाजी म्हणाले, नको. सर मांगतीन तवय देजो."

इतकी वर्षं ते जपानची चौकशी करत नव्हतेच. दरवर्षी माझ्या ओट्यावर येऊन, हात जोडून, आता माफी मागायची पाळी माझी आहे एवढंच सांगत होते.

पाकिटावर मागच्या बाजूला, उशीर माझ्यामुळे झाला, एवढं इंग्रजीत लिहून मी ते नंदुरबारच्या पोस्टातून रवाना केलं. आता उत्तराची वाट मी बघतो. पण त्या दिवशी काचेखालची चिठ्ठी बघून मी निघालो तेव्हा पायलनं सहज विचारलं, "सर, जपानहून आलं तर कळवाल ना?" आणि त्या दुकानात, त्या यंत्रासमोर, मला हो म्हणायलाही तोंड उरलं नव्हतं.