सुनेच्या व्हिसावर

मंचरच्या मेडिकलमध्ये मी वडिलांच्या गोळ्यांची चिठ्ठी दिली. दुकानदार कपाटं धुंडाळत होता, तेवढ्यात मोबाइलवर कंपनीचा मेल आला. आमचा अख्खा विभाग बंद झाला होता. भाषा फार सभ्य होती. आजवरच्या कामाबद्दल आभार मानले होते, पुढच्या आयुष्यासाठी शुभेच्छा दिल्या होत्या आणि शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं की, या नोकरीवर मिळालेला माझा कामाचा व्हिसाही आता रद्द होईल.

दुकानदाराने गोळ्या कधी द्यायच्या ते दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा मान हलवली आणि आमच्या गावी, अवसरीला पोचेपर्यंत सगळं विसरलो.

मी इंग्लंडमधल्या एका गावात यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग करायचो. वडील गोठ्यात घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन ठरलं, म्हणून रजा घेऊन आलो होतो. बायको आणि मुलगी तिकडेच होत्या. बायको नर्स. माहेर लोणीचं. लग्नानंतर ती माझ्या व्हिसावर तिकडे आली, घरी बसून तिथली परीक्षा दिली, दवाखान्यात लागली आणि पुढे त्या दवाखान्याने तिला तिचा स्वतःचा व्हिसा काढून दिला. तेव्हा आम्ही केक कापला होता. एका घरात दोन व्हिसे, म्हणजे एका सायकलला दोन कुलपं, असं मी हसून म्हणालो होतो.

त्या दुपारी तिला फोन केला. तिची सुट्टी होती. मेल वाचून दाखवला. ती म्हणाली, "अहो, मग माझ्या व्हिसावर या. त्यात काय एवढं?"

"डिपेंडंट म्हणून?"

"हो. मी नव्हते का आले?"

मी म्हणालो, बघतो. यात बघण्यासारखं काहीच नव्हतं. दुसरा रस्ताच नव्हता. तरी 'बघतो' म्हणालो.

घरी वडील पलंगावर उशीला टेकून बसले होते. त्यांनी विचारलं, "काय रं, सुट्टी वाढवून घेतली का?"

मी म्हणालो, "हं."

एवढंच. पण वडिलांना तेवढं पुरलं. ते एसटीत कंडक्टर होते, माणसांशी बोलण्यात त्यांचा जन्म गेलेला. आजारपणात बघायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगू लागले, "कंपनी म्हणली, वडलांना बरं करूनच या. घाई करू नका. तोवर पगार चालू." ही पगाराची गोष्ट त्यांनी स्वतःच जोडली होती. मी शेजारी बसून चहाचे कप गोळा करायचो. आमच्या वस्तीतून परदेशी नोकरीला गेलेला मी पहिला. लहानपणी विहारात बुद्धवंदनेच्या वेळी मी पुढच्या रांगेत बसायचो, कारण मोठी माणसं मला हाताला धरून पुढे बसवायची, हा हुशार आहे म्हणून. आता त्याच विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष येऊन म्हणाले, "पोरांना जरा मार्गदर्शन करा. शाल-नारळ देऊ, छोटासा सत्कार ठेवू." वडिलांनी माझ्या वतीने होकार दिला.

मी रोज ठरवायचो की आज सांगू. सकाळी ड्रेसिंग असायचं. दुपारी कुणीतरी बघायला यायचं. संध्याकाळी उसात बिबट्या फिरतोय म्हणून सगळे लवकर दारं लावून घ्यायचे आणि एकाच खोलीत टीव्हीसमोर बसायचे. कारणं भरपूर होती. खरं एवढंच होतं की 'बायकोच्या व्हिसावर' हे शब्द तोंडातून निघत नव्हते. मी आरशासमोर एकदा म्हणून पाहिले. कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

मग लोणीहून सासरे आले. वडिलांना बघायला, मोटरसायकलवर, पिशवीत पपया घेऊन. ते कमी बोलतात. खुर्ची पलंगाजवळ ओढून बसले आणि वडिलांनी त्यांनाही तीच कॅसेट लावली. कंपनी, सुट्टी, पगार. वर आणखी म्हणाले, "तुमच्या पोरीनं नशीब काढलं बघा, पावणं. असा नवरा मिळाला."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या एका नजरेत मला कळलं की यांना सगळं ठाऊक आहे. बायकोने सांगितलं असणार, का नाही सांगणार, तिचे वडील आहेत ते. मला वाटलं, आता बोलतील. मी हातातला कप खाली ठेवला.

"व्हय," सासरे म्हणाले. "कंपनी चांगली हाय."

त्यांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं. आयुष्यात ज्या माणसाने मला अरे-तुरे केलं नाही, जेवताना माझ्या ताटात आधी वाढल्याशिवाय घास घेतला नाही, त्या माणसाला मी माझ्याच घरात खोटं बोलायला लावलं. 

ते निघाले तेव्हा मी मोटरसायकलपर्यंत सोडायला गेलो. त्यांनी किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही.

"पोरगी म्हणली मला," ते म्हणाले. "तुमच्या घरात तुमी सांगायचं. मी कशाला बोलू?"

"सांगणार होतो, मामा."

"आसू द्या. पण येक इचारतो. राग मानू नका." ते टाकीवर हात फिरवत राहिले. "माझ्या पोरीच्या नावावर जायाचं म्हंजी कमीपना वाटतो का तुमाला?"

मी नाही म्हणायला हवं होतं. ते वाट बघत होते. मग त्यांनी किक मारली आणि गेले. त्यांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. भर उन्हात एवढ्या लांबून आलेला माणूस, आणि मी त्यांना एक साधा शब्द देऊ शकलो नाही.

त्याच संध्याकाळी मी सांगितलं. आई भाकरी थापत होती, वडील पलंगावर. मी सगळं एका दमात बोललो. नोकरी गेली, व्हिसा गेला, आता सुनेच्या व्हिसावर अर्ज करायचा, बोटांचे ठसे द्यायला पुण्याला जायचं.

आई पहिली बोलली. तव्यावरची भाकरी उलटताना म्हणाली, "म्हंजी ती तिथं येकटीच नोकरी करून पोरीला बगती? आन् तू हितं इतकं दिस बसून ऱ्हायला? आदी का न्हाई भरला अर्ज?"

मी वडिलांकडे पाहिलं. ते भिंतीकडे बघत होते.

"पावण्यांना ठावं व्हतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मी त्यांच्यासमोर येवढं बोललो, तवा बी ठावं व्हतं?"

"हो."

त्यांनी डोळे मिटले. नोकरी कशी गेली, आता पुढे काय, यातलं काही विचारलं नाही. जरा वेळाने म्हणाले, "मला येड्यात काढलंस." आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं. त्या रात्री जेवण तसंच झालं, कुणी टीव्ही लावला नाही.

सकाळी त्यांनी वॉकर मागितला. डॉक्टरांनी रोज थोडं चालायला सांगितलंच होतं, पण ते अंगणाबाहेर गेले नव्हते. आज म्हणाले, "चल."

"कुठं, आण्णा?"

"मी ज्याला ज्याला सांगितलं, त्याला त्याला जाऊन सांगायचं हाय. मीच बोललो, मीच फिरवणार. पडलो तर धरायला तू पायजे."

मी म्हणालो, फोनवर सांगू, हळूहळू कळेलच लोकांना. ते वॉकर पुढे टाकून निघालेसुद्धा. मी मागे.

पहिलं घर चुलत्याचं. वडील दारातच थांबले, दम खाल्ला आणि म्हणाले, "मी तुला सांगितलं ना, कंपनीनं ह्याची सुट्टी वाढवली? ते खोटं हाय. ह्याची नोकरी गेली. आता ह्यो सुनंच्या व्हिसावर जाणार." एखादा स्टॉप ओरडून सांगावा तसं. चुलता माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "बरं, बसा तरी." वडील बसले नाहीत.

पुढे पिठाची गिरणी. मग दूध डेअरी, जिथे सकाळी सगळी पुरुषमंडळी कॅन घेऊन उभी असतात. तिथेही त्यांनी तेच, तेवढ्याच आवाजात सांगितलं. मी वॉकरच्या पायांना लावलेल्या रबराकडे बघत उभा होतो. कुणीतरी मागून म्हणालं, "म्हंजी आता घरजावईच की राव!" हशा पिकला. माझ्याबरोबर शाळेत असलेला एकजण सगळ्यात मोठ्याने हसला. मला वाटलं वडील चिडतील, निदान काहीतरी उत्तर देतील. ते सगळ्यांचं हसून होईपर्यंत थांबले आणि म्हणाले, "तसं म्हना." आणि वळले.

बेल्ह्याच्या बाजारातला त्यांचा एक जुना ओळखीचा व्यापारी होता. गाय त्याच्याकडूनच घेतली होती. त्याच्याकडे चालत जाणं शक्य नव्हतं, म्हणून रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यालाही फोन लावायला लावला, स्पीकरवर. पलीकडे बैलांचा आणि टेम्पोंचा गोंगाट. त्याला नीट ऐकू येईना. वडिलांना 'सुनंच्या व्हिसावर' हे तीनदा मोठ्याने म्हणावं लागलं. येणारीजाणारी माणसं थांबून ऐकत होती.

शेवटी कमिटीचे अध्यक्ष. ते विहाराच्या पायरीवर पेपर वाचत होते. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला. "मग सत्काराचं?"

"ते तुमी बगा," वडील म्हणाले.

अध्यक्षांनी विचार केला. ते वाईट मनाने बोलले नाहीत, हे मला आजही पक्कं माहीत आहे. "सूनबाई येतील तवा करू की. त्यांचाच करू. नर्सचं शिक्षण, पोरींना उपेग व्हईल."

"करा," वडील म्हणाले.

परत येताना त्यांना वॉकर उचलवेना. मी दंड धरला. त्यांनी धरू दिला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. घामाने त्यांची टोपी भिजली होती. मोडलेल्या खुब्याने त्यांनी अर्धं गाव पालथं घातलं होतं, माझ्या एका 'हं'पायी.

घरी आल्यावर लोणीला फोन लावायला सांगितला. सासऱ्यांना म्हणाले, "पावणं, माझी चूक झाली. मी उलटं बोललो. नशीब आमच्या पोरानं काढलं." तिकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. मी उठून गोठ्यात गेलो आणि गाईपुढची वैरण उगाच पुन्हा सारखी करत बसलो.

अर्ज भरला. पुण्यातल्या केंद्रात काचेपलीकडच्या मुलीने मराठीतच विचारलं, "मुख्य अर्जदार कोण?" मी म्हणालो, "माझी बायको." बोटं नीट टेकत नव्हती, तिने ओला रुमाल दिला आणि पुन्हा ठेवायला सांगितलं.

मंजुरीची वाट बघत असताना एकदा मी बायकोला फोनवर विचारलं, "तू माझ्या व्हिसावर होतीस, तेव्हा तुला लाज वाटायची का गं?"

ती मुलीच्या डब्याचं काहीतरी करत होती. "लाज? परीक्षेचा अभ्यास होता अहो. वेळ कुठे होता?" मग थांबून म्हणाली, "तुम्हाला वाटते?"

"हो."

"अजून?"

"हो."

तिने समजूत घातली नाही. पाण्याचा आवाज येत राहिला. मग म्हणाली, "बरं. या तर आधी. पुढच्या आठवड्यात माझ्या सलग ड्युट्या आहेत, हिला शाळेत सोडायला कुणी नाही."

मंजुरी आली. निघायच्या दिवशी वडील वॉकर न घेता, काठीवर दारापर्यंत आले. मी पाया पडलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "शाळा किती लांब हाय तिची?"

"चालत जाता येतं."

"मग चालतच नेत जा," ते म्हणाले.

आता रोज चालतच नेतो. दुसरी नोकरी शोधतो आहे. शाळेच्या फाटकाशी इतर मुलांच्या आया एकमेकींना विचारतात तसं मलाही विचारतात, तुम्ही काय करता? मी उत्तर देतो. दर वेळी कानांच्या पाळ्या गरम होतात, पण उत्तर खरं असतं.