विहिरीचा तिसरा वाटा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते माझ्या धाकट्या चुलतीचे. तिला मी काकी म्हणतो. आमच्या घराण्यात मी पहिला बी. ए. झालो याचं कौतुक लोक माझ्या वडिलांपाशी करतात आणि वडील ते हसतमुखानं घेतातही. मला त्याचा राग येतो. एवढ्या वर्षांत तो निवायला हवा होता, पण निवला नाही.

आमचं गाव चाकणच्या पलीकडं, भामा नदीच्या अलीकडं. थोरले चुलते, माझे वडील आणि धाकटे चुलते असे तीन भाऊ. जमिनीच्या वाटण्या झाल्या, विहीर मात्र एकच होती, ती तिघांची राहिली. दोन दिवस थोरल्यांची मोट, दोन दिवस आमची, शनिवार-रविवार धाकट्यांची. सोमवारी बैलांना विसावा. ज्याची पाळी त्यानं आपली बैलजोडी आणायची, मोट हाकायची आणि पाणी आपल्या रानात न्यायचं.

धाकटे चुलते मी चौथीत असताना वारले. काकीला मूलबाळ नव्हतं. बैलजोडी होती, रान होतं, विहिरीचा तिसरा वाटा होता. ती माहेरी गेली नाही.

मी सातवी पास झालो तेव्हा वडिलांनी मला मोटेवर धरायचं ठरवलं. आमच्याकडं दुसरा गडी नव्हता. काकी थोरल्या दिरांसमोर तोंड उघडून बोलायची नाही, तसा रिवाजच होता. त्यांना काही सांगायचं तर ती माझ्याकडं किंवा आईकडं बघून बोलायची, आणि तेही माझ्याकडं किंवा भिंतीकडं बघून उत्तर द्यायचे. त्या दिवशी ती ओसरीच्या कोपऱ्यात उभी राहून आईला म्हणाली, "त्यांना म्हणावं, पोराला खेडच्या शाळंत धाडा. मोट मी हाकते."

आणि तिनं हाकली. आपले दोन दिवस आणि आमचे दोन दिवस. बैल उतारावर पुढं निघाले की नाड्यावर, मोटेच्या जाड दोरावर, बसायचं, मोट काठावरच्या दगडी थारोळ्यात रिकामी झाली की बैल पाठमोरे मागं आणायचे. त्या वेळी आमच्याकडं बायका हे काम करत नसत. वाटेनं जाणारा एक म्हातारा रोज थांबून विचारायचा, "काय गं, मिशा कवा फुटायच्या आता?"

"तुमच्या झडल्या की," काकी म्हणायची आणि पुढच्या खेपेला बैल हाकायची.

मी खेडला शिकलो, मग पुण्याला कॉलेजात गेलो. माझ्या प्रत्येक इयत्तेमागं तिची मोट होती.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी थोरल्या चुलत्यांनी आणि वडिलांनी मिळून तेलाचं इंजिन आणलं. मी इंजिनाच्या विरुद्ध नाही, आजही नाही. हँडल फिरवून ते सुरू झालं आणि पाइपातून जाडजूड धार पाटात पडली, तेव्हा सगळं गाव बांधावर उभं होतं. मलाही भरून आलं. बैलांच्या मानेवरचे घट्टे त्या वर्षी पहिल्यांदा मऊ पडले. जिथं नुसती बाजरी व्हायची तिथं बटाटा आला, आणि वडील पाठ सरळ करून चालायला लागले. शेतीतलं सुख काय असतं ते मी त्या हंगामात बघितलं. काकीनंही पाटात पाय बुडवून बघितले आणि आईला म्हणाली, "बया, थंड लागतंय गं."

इंजिनाला जागा हवी म्हणून बैल चालायची धाव खणली गेली. थारोळ्याचे दगड इंजिनाच्या खोलीच्या पायाला गेले. काकीला कुणी विचारलं नाही. काकीला शनिवार-रविवार पाणी सोडायचे. पुढं शनिवार राहिला. पुढं, आज बटाट्याला ताण पडलाय, उद्या देतो, असं सुरू झालं.

वैशाखात विहिरीचा गाळ काढतात. ज्याची विहिरीवर पाळी, त्याच्या घरचा माणूस गाळाला आलाच पाहिजे, आणि जो गाळ काढतो त्याची पाळी कुणी मोडू शकत नाही. आमच्याकडं याला सातबाऱ्याइतकंच वजन. सुट्टीत मी घरी होतो. सकाळी विहिरीकडून पाट्यांचे आवाज आले. काकीला सांगावाच आला नव्हता. तिला बोलावलं नाही याचा अर्थ गावातल्या शेंबड्या पोरालाही कळला असता.

तिनं पदर खोचला, फावडं उचललं आणि मला म्हणाली, "चल."

विहिरीच्या काठावर थोरले चुलते उभे होते. काकी त्यांच्याकडं पाठ करून माझ्याशी बोलली. "तुझ्या थोरल्या चुलत्यांना इचार, मला सांगावा का न्हाई?"

थोरले चुलते कडुनिंबाकडं बघून म्हणाले, "तिला सांग, बाईमाणसाला कशाला तरास. आमी हाय की."

"मोट हाकताना मी कोण व्हते म्हणावं."

खाली गाळात उभ्या असलेल्या गड्यांपैकी एक हसला. चुलते त्याच्यावर खेकसले. काकी मात्र पायऱ्या उतरून खाली गेलीसुद्धा, आणि तिच्या मागं मी.

दिवसभर आम्ही गाळ काढला. मांडीएवढ्या चिखलात उभी राहून तिनं पाट्या भरल्या आणि मी त्या वर दिल्या. माझ्या वडिलांनी त्या पाट्या घेतल्या, माझ्या हातातून. कुणी तिला थांबवलं नाही. मला वाटलं, निकाल लागला. तिनं गाळ काढला आणि चारचौघांनी तो काढू दिला.

संध्याकाळी हातपाय धुताना थोरले चुलते मला म्हणाले, "काकीला सांग, गाळ काढला, बरं केलं. पुन्न्याचं काम हाय. पर इंजिन आमच्या दोघांचं हाय."

मी वडिलांकडं बघितलं. ते दोर गुंडाळत होते.

"तुम्ही काही बोलणार आहात का नाही?" मी विचारलं.

"काय बोलू? मोटंला तिची बैलं लागायची, म्हणून तिला पाळी व्हती. इंजिनाला बैलं लागत्यात का? तूच सांग, तू शिकलेला हायंस."

लूट सगळ्यांना दिसते अशीच असते, पण तिला असा एक हिशेबी मुद्दा जोडला की लोक माना डोलावतात. वडिलांचा मुद्दा ऐकून काठावरच्या चौघांनी खरंच माना डोलावल्या. दिवसभर तिच्या शेजारी चिखलात उभे होते ते हेच लोक.

मी आवाज चढवला तशी काकीनं माझं मनगट धरलं. घरी आल्यावर म्हणाली, "आधी परीक्षा दे. भांडायला जन्म पडलाय." मी तिचं ऐकलं. तिचं न ऐकायची मला सवयच नव्हती.

माघात मी गावी गेलो तेव्हा तिच्या कांद्याची पात शेंड्याकडून करपत आली होती. गाठ धरायची वेळ. याच दिवसांत कांद्याला पाणी मिळालं नाही तर पुढं कितीही मिळून उपयोग नसतो. शेजारच्या बांधापलीकडं आमच्या बटाट्यात पाणी तुंबलं होतं. मध्ये फक्त एक बांध. काकी पोहऱ्यानं विहिरीतून पाणी शेंदत होती आणि हंड्यानं जवळच्या वाफ्यांना घालत होती. पिण्याचं पाणी न्यायला तिला कुणी अडवू शकत नव्हतं, त्याचाच ती आधार घेत होती. दोन वाफे हिरवे, बाकी सगळं रान पिवळं. तिचे बैल गोठ्यात नुसते उभे होते.

मी हंडा घेतला. इंजिनाच्या खोलीतून वडिलांनी आम्हांला बघितलं आणि दार ओढून घेतलं. इंजिन चालूच राहिलं.

काढणीला कांदा लिंबाएवढा निघाला. मी परीक्षेहून आलो तेव्हा तिनं त्यातलाच एक बुक्कीनं फोडून भाकरीवर ठेवला आणि म्हणाली, "बारीक हाय, पर तिखट हाय बघ." खरंच तिखट होता. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मला ते पुसावंसं वाटलं नाही.

मी पास झालो. पिंपरीच्या माळावर नवा कारखाना उभा राहिला होता, तिथं मला कारकुनाची नोकरी मिळाली. आमच्या गावचा एक माणूस तिथं बांधकामावर होता. भाद्रपदात तो मला म्हणाला, "तुझी काकी रान वाट्यानं देती म्हनं दसऱ्याला. थोरल्यानंच इचारलंय. पानी न्हाई तर करती काय बिचारी?"

म्हणजे पाणी त्यांनीच तोडायचं, आणि रान सुकलं की तेच रान अर्ध्या वाट्यानं त्यांनीच करायचं. मग त्याच रानाला इंजिनाचं पाणी बरोबर पोचलं असतं. त्या दुपारी माझं कामात लक्ष लागलं नाही. नवी नोकरी, रजा मिळत नव्हती, म्हणून मी पत्र लिहिलं. काकीला वाचता येत नव्हतं. गावातली पत्रं शाळेचे मास्तर मारुतीच्या पारावर मोठ्यानं वाचून दाखवत, आणि पारावर त्या वेळी माझे वडील आणि थोरले चुलते दोघंही बसलेले असत. हे सगळं मला ठाऊक होतं, आणि मी ते तसंच लिहिलं:

"तीर्थरूप काकीला, पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मास्तरांना विनंती की हे पत्र सावकाश आणि मोठ्यानं वाचावं.

काकी, रान कुणाला वाट्यानं देऊ नकोस. विहिरीचा तिसरा वाटा तुझा आहे. तो इंजिनामुळं गेला असं म्हणणाऱ्यांनी तुझी धाव खणताना तुला विचारलं नव्हतं, आणि गाळ मात्र दिवसभर तुझ्याकडून काढून घेतला. पाट्या वर घेणारे हात मी ओळखतो.

हे मान्य नसेल तर पारावर बसलेल्यांनी माझं ऐकावं. मी वडिलांचा एकुलता एक मुलगा आहे. वडिलांच्या पाळीत माझा हक्क आहे, इंजिनातही आहे, आणि तो नाकारायला गावात कुणी पुढं येणार नाही. वडिलांना आजच वेगळं कळवलं आहे की मला घरचा दाणा नको, बटाटा नको, काहीच नको. माझ्या हक्काचं पाणी शनिवार-रविवार काकीच्या रानात जाईल. काकी, हे मी तुला देत नाही. तुझं तुझ्याकडं येतंय, तेवढंच.

इंजिनाच्या खोलीला कुलूप लावायचं असेल तर लावावं. शनिवारी कारखाना दुपारी सुटतो. मी चाकणच्या गाडीनं येईन आणि कुलूप सगळ्या गावासमोर उघडायला सांगेन. हँडल मला फिरवता येतं.

तू मला भांडायला जन्म पडलाय म्हणाली होतीस. परीक्षा झाली, काकी.

कांद्याचं बी जपून ठेवलं असशील. रोप टाकायला उशीर करू नकोस. बैल विकू नकोस. बांधाकडच्या पाटाचं तोंड बुजवलेलं मी माघात पाहिलं होतं, ते मोकळं करून ठेव, आणि वाफे बांधायला लाग."