मटणानंतरचं कस्टर्ड

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, त्यामुळे मटणाच्या जेवणात दुधाचा थेंब चालत नाही. आणि ठाण्याच्या ज्या मुलाला जावई करून घ्यायला आम्ही टपलो होतो, त्याला नारळ चालत नव्हता. (दुधाऐवजी आम्ही नारळाचा रस घालतो. म्हणजे माझं गोडधोड तिथेच संपलं.)

ते मुलगी बघायला येणार, त्याच्या आदल्या दिवशी मुलाच्या आईने सुरतेला आमच्या घरी फोन करून सांगितलं, "नारळ खाल्ला की आयझॅकचे ओठ सुजतात हं. बाकी त्याचं काही नाही."

"आपल्यात मुलं आहेत किती?" नवरा म्हणाला. "हे स्थळ गेलं तर तुझ्या स्वयंपाकामुळे जाईल."

नव्वदच्या दशकात पाकिटावरची अक्षरं मुंगीएवढी असायची. सुरतेतल्या उधन्याच्या दुकानात मी चष्मा पुसून पुसून वाचत होते. बिस्किटांत दूध पावडर. शेवयांच्या पाकिटात खोबऱ्याचा कीस.

"बेन, बधुं शुद्ध शाकाहारी छे," दुकानदार कंटाळून म्हणाला.

आज मला शाकाहारीचीच धास्ती आहे, हे त्याला कसं सांगणार? शेवटी कस्टर्ड पावडर सापडली. मक्याचं पीठ, रंग, वास. ना दूध, ना नारळ!

"साथे दूधनी थेली आपुं?"

"दूध नको म्हणून तर हे घेतेय," मी तोऱ्यात म्हणाले. त्याने चकित होऊन पाकीट माझ्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे मटण जेवले, बोटं चाटली. कस्टर्ड मी जन्मात केलं नव्हतं. गरमागरम वाढू म्हणून ऐनवेळी पाकीट फोडलं आणि कृती वाचली. 'अर्धा लिटर दुधात...'

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. दूधच.

"आई, ते वाट बघतायत," आमची लेक रिव्का दारातून कुजबुजली. "आता काय करायचं?"

"पाणी ठेव."

पाण्यात पावडर आणि साखर घालून घोटलं. वाट्या बाहेर गेल्या. नवरा कडोदऱ्याच्या कापडाच्या कारखान्यात सुताला खळ लावायच्या खात्यात होता. पहिल्याच चमच्याला तो माझ्या कानाशी आला.

"अगं, ही आमची खळ आहे. नुसती पिवळी."

आयझॅकने मात्र भिडेपोटी अख्खी वाटी संपवली. त्याची आई त्याच्या ओठांकडे बघत होती, मी तिच्याकडे. ओठ काही सुजले नाहीत.

"बोल रे, मुलगी पसंत आहे का?" त्याच्या आईने विचारलं.

त्याने चिकटलेलं तोंड उघडायचा प्रयत्न केला. मग नुसतीच मान डोलावली.

लग्नाला आता बरीच वर्षं झाली. पसंती खरी होती, असं जावई आजही शपथेवर सांगतो. फक्त माझ्याकडे मटण असलं की पहिल्या घासाआधीच म्हणतो, "आई, गोडाला माझ्या पोटात जागा नाही."