टोपलीचे वीस हेलकावे

विनायकराव गेल्याचा निरोप वेल्ह्याहून आला तेव्हा मी भोरच्या घरावर चढून कौलं चाळत होतो. खालून माणूस ओरडला, "मास्तर गेलं!" आणि खरं सांगतो, आधी मला रागच आला. मागच्या भेटीतलं भांडण अर्धवट राहिलं होतं... ते आता कुणाशी पुरं करायचं?

विनायकराव म्हणजे माझ्या पत्नीचे थोरले भाऊ, वेल्ह्याच्या शाळेत मास्तर. मला सरळ प्रश्नाला सरळ आकडा लागतो. यांना किती वाजले विचारावं, तर हे घड्याळ कसं चालतं ते सांगत बसणार.

आमची शांता दिवस भरायच्या आधीच जन्मली. वैद्य म्हणाले, महिन्याभरात अंग धरलं तर जगेल. म्हणजे वजन करणं आलं. पण मी तागडी काढताच उत्रोलीची माझी आई दारात आडवी झाली. "तान्ह्या लेकराला ताजव्यात घालत्यात व्हय? ती काय तांदूळ हाय? दिष्ट लागंल!"

"मग कळायचं कसं?"

"दिसंल की डोळ्यानं."

विनायकराव तेव्हा सुटीला आमच्याकडे होते. त्यांनी कुठून तरी जुन्या मोटारीची लांब स्प्रिंग आणली, मधल्या घरातल्या तुळईच्या कडीला अडकवली आणि खाली वेताची टोपली बांधली. "दाजी, टोपली जरा ओढून सोडायची, वर-खाली होते. जड झाली की सावकाश होते. वीस हेलकावे घड्याळावर धरायचे. तागडी नको, आईंचा शब्दही राहिला."

"पण तुम्ही कधी जास्त ओढाल, कधी कमी. मग माप कसलं?"

त्यांनी टोपलीत वरवंटा ठेवला आणि आधी बोटभर, मग दोन बोटं ओढून दाखवलं. दुसऱ्यांदा टोपली दुप्पट लांब गेली, पण वेगही तेवढाच दुप्पट झाला. वीस हेलकाव्यांना वेळ तोच. "दुप्पट ओढलं की जोरही दुप्पट. वेळ मात्र ओढण्यानं बदलत नाही, वजनानं बदलतो."

"वजन किती, ते सांगा."

"किती ते राहू द्या. वाढतंय का, एवढं विचारा."

असा माणूस! तरी आठ दिवसांनी हेलकावे सावकाश झाले तेव्हा मीच सगळ्या आळीला गूळ वाटला. दुसऱ्या दिवशी दुपटी बदलताना पत्नीला टोपलीतल्या गादीखाली विळा सापडला. बाहेरचं काही बाधू नये म्हणून आईनं ठेवला होता. मी संतापलो. विनायकराव मात्र पोट धरून हसत होते. "दाजी, विळ्यानं बाळसं धरलं हो!"

मी विळा काढायला गेलो, तर हेच आडवे आले. "असू द्या. रोज तोच विळा राहिला तर आपलं काही बिघडत नाही. आजपासून नवं माप धरू."

"मास्तरला कळतं," आई म्हणाली. म्हणजे मला कळत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात विनायकरावांना विचारलं तर म्हणाले, घड्याळ बंद पडलं. मुलगी जगते की नाही हा प्रश्न, आणि यांचं घड्याळ बंद! मी नाही नाही ते बोललो. ते ऐकून घेत राहिले. त्यानंतरच्या आठवड्यात घड्याळ चालू झालं आणि हेलकावेही सावकाश झाले, या वेळी खरोखरच. पण त्या बंद घड्याळावरून मी त्यांना पुढं अठरा वर्षं टोचत आलो. मागच्या भेटीतही तेच.

परवा, तेरावं झाल्यावर, पत्नी म्हणाली, "घड्याळ बंद नव्हतं. त्या आठवड्यात टोपली भराभर हलत होती. पोर उतरत होती. दादा म्हणाला, यांना सांगू नकोस. मग मी तासातासाला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजत राहिले आणि तो शेजारी बसून राहिला."

"मला सांगायला नको?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

भांडायला वेल्ह्याला जावं, तर माणूस नाही.

काल मधल्या घरातून जाताना कडीखाली मी आपोआप वाकलो. टोपली टांगलेली असताना सगळेच तिथं वाकून जायचे. शांता समोर तांदूळ निवडत होती. "बाबा, वाकता कशाला? वर काही नाही."

"पाठ धरलीय," मी म्हणालो.