अण्णा डाग लावायला येतात

मिरजेच्या घराला कुलूप लावल्यावर अण्णांनी ते तीनदा ओढून बघितलं आणि शेजारच्या काकूंना ठणकावून सांगितलं, "महिन्याभरात परत येतोय. तुळशीला पाणी घाला तेवढं." मी रिक्षात सामान चढवत होते. त्यांचं परतीचं तिकीट माझ्या पर्समध्ये होतं खरं, पण मनातल्या मनात ते मी केव्हाच फाडून टाकलं होतं. आई जाऊन वर्ष झालेलं. मधे अण्णा न्हाणीत घसरून पडले आणि दोन दिवस कुणाला कळूही दिलं नाही. आता ते सिंगापूरला माझ्याजवळ कायमचे राहणार, असं मी ठरवून टाकलं होतं. त्यांना सांगायचं तेवढं राहिलं होतं.

ही दोन हजार सहा सालच्या गणपतीनंतरची गोष्ट. त्याच्या पाच वर्षं आधी त्याच दारातून मी निघाले होते. आई रडत होती, मी रडत होते, माझा नवरा समीर सारखा घड्याळ बघत होता, आणि अण्णा माझ्या नव्या कोऱ्या सुटकेसवरून हात फिरवत होते. "प्लास्टिक आहे," ते म्हणाले. "ह्याला पॉलिश लागत नाही. बरं आहे." मला असा संताप आला! पोरगी देश सोडून चाललीय आणि हा माणूस सुटकेसचं काय घेऊन बसलाय? तुमच्यापैकी जे असे निघून आलात, त्यांना बहुतेक असंच काहीतरी ऐकायला मिळालं असेल. आणि जे मागे राहिलात, त्यांनी बहुतेक असंच काहीतरी म्हटलं असेल.

अण्णा तंबोऱ्याला पॉलिश करायचे. मिरजेत तंतुवाद्यं करणारी घरं पुष्कळ, त्यातल्या एका कारखान्यात त्यांनी चाळीस वर्षं हेच काम केलं. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाचा बोळा मऊ सुती फडक्यात गुंडाळून त्यात बुडवायचा, आणि भोपळ्यावरून गोल गोल फिरवत राहायचं. एक हात, मग वाळू द्यायचं, मग दुसरा हात, असे कितीतरी. शेवटी त्या भोपळ्यात आपला चेहरा दिसायला लागतो. लहानपणी मी वेणी नीट आलीय का, हे तंबोऱ्यात बघून शाळेत गेलेली मुलगी आहे.

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर त्यांच्या पिशवीतून किलोभर चपडा निघाला. चपडा म्हणजे लाखेचे पातळ, तपकिरी पापुद्रे. तिथला अधिकारी त्या पिशवीकडे बघतोय, मी घाम पुसत समजावतेय, आणि घ्यायला आलेली माझी सहा वर्षांची इरा काचेपलीकडून हात हलवतेय. घरी आल्यावर तिने पिशवीत डोकं घातलं आणि सिंगापुरी हेल काढून म्हणाली, "आजोबा, कॉर्नफ्लेक्स लाह!" अण्णा मनापासून हसले. आई गेल्यापासून मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं.

पण ते हसणं आठवडाभरच टिकलं. ईस्ट कोस्टला आमचा तळमजल्यावरचा कॉन्डो, म्हणजे फ्लॅट, भाड्याचा. समीर आणि मी सकाळी ऑफिसला, इरा शाळेत. अण्णा सगळ्या घरातून हात फिरवून आले. टेबल, कपाट, पलंग. "भुसा दाबून केलंय सगळं," त्यांनी निकाल दिला. संध्याकाळी मी दार उघडलं की ते सोफ्याच्या कडेला बसलेले असायचे, एस.टी.ची वाट बघणारा माणूस बसतो ना, तसे. पुंगोल, यिशुन अशा दुसऱ्या वस्त्यांत आमच्या ओळखीची मराठी कुटुंबं होती, त्यांच्याकडे नेलं. तिथेही सोफ्याच्या कडेलाच. महिना संपत चालला होता.

घरात एकच जागा त्यांना आवडली. मागच्या दाराबाहेर दोन खाटा मावतील एवढा लाकडी ओटा होता, इथं त्याला डेक म्हणतात. "हे लाकूड खरं आहे," असं म्हणून ते तिथं मांडी घालून बसायचे. पण त्या लाकडाची रया गेली होती. कडेला काळी बुरशी, मधे राखाडी रंग. सिंगापुरात हवाच इतकी ओली की चपला महिनाभर कपाटात ठेवल्या तरी हिरव्या होतात.

मी म्हटलं, "अण्णा, घरमालकीणबाईंचा माणूस येतो दरवर्षी. नोव्हेंबरात पावसाचा जोर वाढतो, त्याच्या आधी येऊन डेकला स्टेन करून जातो."

"स्टेन म्हणजे?"

इराचं इंग्रजी शाळेतलं. ती पटकन म्हणाली, "डाग, आजोबा!"

अण्णा माझ्याकडे बघतच राहिले. "लाकडाला डाग लावायला माणूस येतो? अगं वैशू, मी जन्मभर डाग काढले. घरात कारागीर बसलाय आणि तुम्ही बाहेरचा माणूस बोलावताय? तो काही नको. स्पिरिट आण."

आता खरं सांगते. मला शंका आली होती. तंबोरा पावसात नाही ठेवत कुणी, एवढी अक्कल मला होती. पण अण्णा सोफ्यावरून उठले होते! बाह्या वर केल्या होत्या. मी हार्डवेअरच्या दुकानातून स्पिरिटचे डबे आणले आणि तोंड शिवून बसले.

पाच दिवस ते त्याच कामात होते. मी सुट्टी काढून एक दिवस नुसती बघत बसले. गुडघ्याखाली उशी, कान लाकडाजवळ. बोळा फिरताना आवाज बदलला की लाख वाळत येऊन बोळ्याला ओढायला लागली, हे त्यांना ऐकू येतं. सत्तरीचा माणूस, पण मनगट असं फिरत होतं की बघणाऱ्याने श्वास धरावा. समीर तर ऑफिसचा फोन कानाला लावून तसाच उभा राहिला. पाचव्या दिवशी त्या डेकमध्ये वरच्या मजल्यांच्या बाल्कन्या दिसायला लागल्या. इराने त्यात बघून वेणी घातली. मी तिथंच रडले.

त्यानंतर चौथ्या दिवशी पाऊस आला. सिंगापूरचा पाऊस रिमझिमत नाही, बादली उपडी करतो. तासाभराने ऊन पडलं आणि डेक पांढरा पडला. ताक सांडल्यासारखा. दुसऱ्या पावसात पापुद्रे सुटले, उन्हात चिकटपणा आला, त्यावर मांजराची पावलं उमटली. अण्णांनी काठावर उभं राहून सगळं बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची पिशवी भरून पलंगावर ठेवलेली होती. "तिकीट काढून ठेव पर्समधलं," ते म्हणाले. "इथं माझं काही काम नाही."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. माझ्या गप्प बसण्याने मीच त्यांना खड्ड्यात ढकललं होतं.

त्यातच मिस्टर चुआ आले. घरमालकीणबाईंचा माणूस म्हणजे हेच. साठीच्या आसपासचे, अर्धी चड्डी, गळ्यात पंचा, हातात चहाचा थर्मास. नेहमी एकटेच काम करायचे. डेक बघून ते जागच्या जागी थबकले. "हू डू दिस वन?"

मी काहीतरी थाप मारणार होते. पण प्रश्न अण्णांना कळला होता. मागच्या दारात उभे राहून त्यांनी छातीला हात लावला. "मी."

भिंतीलगत वरच्या बाल्कनीच्या आडोशाने एक पट्टा कोरडा राहिला होता. तिथं मिस्टर चुआ चपला काढून ओणवे झाले, गाल लाकडाला टेकवून तिरप्या उजेडात बघितलं, नखाने हलकेच चाचपलं. मग अण्णांकडे बघून बोटं उघडली: किती हात? अण्णांनी दोन्ही पंजे दाखवले, मग परत एक पंजा. "वाऽ!" चुआ म्हणाले. कोरड्या पट्ट्यावर हात ठेवून म्हणाले, "वर्क, व्हेरी गुड." मग आभाळाकडे बोट दाखवलं. "प्लेस, राँग."

मला वाटलं, देवच धावून आला. मी घाईघाईने अण्णांना सांगितलं, "ते म्हणताहेत, काम उत्तम आहे, फक्त जागा चुकली."

अण्णांनी मान डोलावली. "मी तरी दुसरं काय म्हणतोय? जागा चुकली."

माझ्याच शब्दांत मी अडकले.

पण चुआ बसकण मारून बोलायला लागले होते, आणि मी अण्णांना मराठीत सांगत गेले. तरुणपणी ते कॅनडात होते, व्हँकुव्हरला, मामाच्या हाताखाली. तिथं घरोघरी असे डेक. हिवाळाभर पाऊस, धुकं आणि मधूनच बर्फ. पहिल्या वर्षी त्यांनी इथून शिकून गेल्याप्रमाणे जाड, चकचकीत वॉर्निश चढवलं. थंडीत फटीतून आत गेलेलं पाणी गोठलं, फुगलं, आणि वसंतात सगळा थर सोलून हातात आला. मामाने सगळ्यांसमोर झाडलं. "आय ऑल्सो पॅक बॅग," चुआ म्हणाले आणि पलंगावरची पिशवी जणू त्यांना दिसत असल्यासारखे हसले. बाहेरच्या लाकडाला बंद करायचं नाही, हे ते तिथं शिकले. स्टेन, म्हणजे रंग घातलेलं पातळ तेल, पाजायचं, लाकूड पिईल तेवढं पिऊ द्यायचं, आणि उरलेलं पुसून घ्यायचं. थरच नाही, तर सुटणार काय?

"पुसून घ्यायचं?" अण्णा एकदम पुढे आले. "कशाने?"

चुआंनी पिशवीतून फडकं काढलं. त्यात आणखी एक फडकं गुंडाळलेलं. अण्णांनी ते हातात घेऊन दाबलं, उलटं केलं, आणि माझ्याकडे वळले. "अगं, हा बोळाच आहे की!"

त्यानंतर त्यांना माझी गरज उरली नाही. चुआ यंत्राने घासून लाख काढणार होते. अण्णांनी त्यांचा हात धरला, स्पिरिटमध्ये फडकं भिजवून फळीवर ठेवलं, थोडं थांबले आणि एका ओढीत अख्खी फळी स्वच्छ केली. चुआंनी यंत्राची वायर गुंडाळून ठेवून दिली. दोन म्हातारे दिवसभर गुडघ्यावर. एकजण होक्कियन चिनीत बोलतोय, दुसरा मिरजेच्या मराठीत, आणि कुणाचंच काही अडत नाहीये.

मग वाळायची वाट बघणं आलं. चुआंकडे दोन सुयांचं एक लहानसं यंत्र होतं, ते फळीला टोचलं की आत ओल किती आहे हे आकड्यात दिसायचं. रोज येऊन टोचायचे आणि मान हलवायचे. अण्णांची तारीख दोन दिवसांवर आली. मी तिकीट त्यांच्यासमोर ठेवलं, जीव मुठीत धरून. त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "पुढे ढकल ते," म्हणाले. "लाकूड वाळलं नाही अजून. मी कसा जाऊ?"

लाकूड वाळलं. दोघांनी मिळून डाग लावला. हो, अण्णा आता तोच शब्द वापरत होते. चुआ तेल पाजत पुढे जायचे, अण्णा मागून बोळ्याने उरलेलं टिपत यायचे. चमक अजिबात आली नाही. पण लाकडाच्या रेषा अशा वर आल्या, की मी पाच वर्षं ह्या डेकवर चहा प्यायले आणि त्या मला कधी दिसल्याच नव्हत्या. संध्याकाळी चुआंनी सगळी फडकी पाण्याच्या बादलीत बुडवली. तेलाची फडकी ढिगाने ठेवली तर आपोआप तापून पेट घेतात म्हणे. अण्णा खूश झाले. कारागीर जाताना काय आवरून जातो, त्यावरून ते माणूस जोखायचे.

तरी अण्णा मिरजेला गेले. मी पुष्कळ विनवलं, भांडले, अबोला धरला. ते ढिम्म. पण जाताना त्यांनी चुआंना खुणेने विचारलं, परत कधी? चुआंनी पाण्याचा थेंब फळीवर टाकून दाखवला. थेंब मोत्यासारखा राहिला तर ठीक. लाकडाने पिऊन टाकला की समजायचं, वेळ झाली. साधारण वर्षभराने.

"मग पुढच्या वर्षी मी आहेच की," अण्णा म्हणाले.

आणि आले. दर ऑक्टोबरात, जुन्या सुती धोतरांची फडकी पिशवीत भरून. दोन महिने राहायचे, डाग लावून परत जायचे. काकूंना सांगायचे, "सिंगापूरला काम असतं माझं." सप्टेंबर आला की त्यांचा फोन, "थेंब टाकून बघितलास का?" मी एखाद्या वर्षी थेंब टिकत असतानाही "प्यायला, प्यायला" असं खोटं सांगितलंय. चुआंनाही ते माहीत होतं.

दोन हजार नऊच्या मे महिन्यात मी इराला घेऊन मिरजेला गेले. रिक्षातून उतरले आणि दारापाशीच थांबले. आमचं दार जन्मभर चकचकीत होतं. ते आता मंद, तपकिरी दिसत होतं, आणि त्यावर सागाच्या रेषा उमटल्या होत्या. अण्णांनी जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन आणून मिरजेतच चुआंचं औषध तयार केलं होतं. मी दार ढकलून आत गेले, मागे वळले. दाराची आतली बाजू लाखेने लखलखत होती. तीत मी दिसले, इरा दिसली, आणि मागे अण्णा.

"हे काय हो, अण्णा?"

"बाहेर चुआ," ते म्हणाले. "आत मी."

इरा लगेच दारात वेणी बघायला लागली. मी कितीतरी वेळ उंबऱ्यात उभी राहून एक हात दाराच्या बाहेरून आणि एक आतून फिरवत होते, आणि अण्णा आतून ओरडत होते, "अगं, ये की आता घरात!"